कानाची सवय : मराठी श्रोत्याने कर्नाटक संगीत कसे ऐकावे

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत, मग ते घर वाड्यातले असो की अलीकडच्या फ्लॅटमधले, संगीताचे एक कपाट असते. त्यात बालगंधर्वांची नाट्यपदे असतात, हिराबाई बडोदेकर असतात, गीतरामायण असते, भीमसेनांची अभंगवाणी असते आणि घराण्याचा अभिमान म्हणून आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँसाहेबांच्या दोन-चार तबकड्या असतात. तबकड्या गेल्या, कॅसेटी आल्या. त्याही गेल्या आणि आता सगळे मोबाइलमध्ये आले. कपाट बदलले, आतला ऐवज मात्र जवळजवळ तोच राहिला. आपल्यापैकी अनेकजण चाळीस-पन्नास वर्षे तीच शे-दीडशे गाणी ऐकत आले आहेत आणि त्यात त्यांना कमी पडल्यासारखे काही वाटत नाही.

यात दोष काढण्याचे कारण नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला ही गाणी नुसती करमणूक नसतात. रस्त्यावर गुजराती, कचेरीत हिंदी-इंग्रजी आणि घरी मराठी अशा जगण्यात ती गाणी घराची एक भिंत सांभाळतात. तरीही एक प्रश्न विचारावासा वाटतो. हजार वेळा ऐकलेले पद हजार-एकाव्या वेळी लावले, तर आपण ते ऐकतो की आठवतो? आणि आठवण्याचीच सवय झालेल्या कानाला, अगदीच अनोळखी गाणे समोर आले तर ते ऐकता येते का?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी एकच उदाहरण घेतले आहे, ते म्हणजे कर्नाटक संगीत. ते निवडण्याचे कारण असे की आपल्यापैकी बहुतेकांनी ते दोन मिनिटे ऐकून बंद केलेले असते. आणि आपण समजतो तेवढे ते आपल्याला परके नाही.

१. आवड आणि ओळख

आपल्याला एखादे गाणे का आवडते, याची अनेक उत्तरे आहेत. त्यातले एक फार साधे आहे : ते ओळखीचे असते म्हणून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिले की एखादी गोष्ट केवळ पुन्हा पुन्हा समोर आल्यानेही तिच्याविषयी माणसाची पसंती वाढते. त्याआधी, १९५६ साली, लेनर्ड मेयर या संगीतविचारकाने संगीतातल्या भावनेविषयी एक महत्त्वाचे सूत्र मांडले होते. त्याचा आशय असा की गाणे ऐकताना आपले मन सतत पुढचा अंदाज करीत असते, आणि तो अंदाज पुरा होणे, लांबणे किंवा चुकणे यांतून भावना निर्माण होते.

हे आपल्या बैठकीत रोज घडते. गायक मुखड्याकडे वळला की समेची जागा आपल्याला आधीच दिसते. तो ती थोडी लांबवतो, आपला श्वास अडकतो, आणि तो समेवर आला की आपोआप मान हलते, ‘वाहवा’ निघते. ही दाद गायकाला असते, तशीच ती आपल्या अंदाजालाही असते. जिथे अंदाज करता येतो तिथेच चकित होता येते.

आता अनोळखी संगीत घ्या. तिथे पुढे काय येणार याचा अंदाजच करता येत नाही. त्यामुळे काही पुरे होत नाही आणि काही चुकतही नाही; नुसते आवाज येत राहतात. मग आपण म्हणतो, ‘हे आपल्याला आवडत नाही’. खरे म्हणजे नावड ठरण्याइतके ते आपण ऐकलेलेच नसते. कर्नाटक संगीताविषयी मराठी घरांत जे नेहमी बोलले जाते ते आठवून पाहा : ‘सूर फार हलवतात’, ‘सगळी घाईच घाई’, ‘समेचा पत्ता लागत नाही’, ‘शब्द कळत नाहीत’, आणि शेवटी ‘सगळे एकसारखेच वाटते’. या पाचही तक्रारी प्रामाणिक आहेत. त्यांचा क्रमाने विचार पुढे करू. त्याआधी हे संगीत परके किती, ते पाहू.

२. हे परके किती?

शिवछत्रपतींचे सावत्रबंधू व्यंकोजी राजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली. तिथे मराठ्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. ही पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षे म्हणजे कर्नाटक संगीताच्या घडणीचा ऐन काळ. त्या संगीताचे त्रिमूर्ती मानले जाणारे श्यामा शास्त्री, त्यागराज आणि मुत्तुस्वामी दीक्षित हे तिघेही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिरुवारूर या एकाच गावी जन्मले, आणि ते गाव तंजावरच्या मराठी राज्यात होते. या घराण्यातल्या शहाजी राजांनी तेलुगूत आणि मराठीत गेय नाटके रचली. तुळजा राजांनी ‘संगीत सारामृत’ हा संगीतशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ लिहिला. दुसऱ्या सरफोजींच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमात अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत जो क्रम पाळला जातो, तो बसवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

देवघेव दोन्ही बाजूंनी झाली. मराठी कीर्तन तंजावरला गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्यापासून तमिळ हरिकथेने आपले रूप घेतले. तंजावर कृष्ण भागवतर हे त्या हरिकथेचे मोठे नाव. तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद त्याच नावांनी वावरतात. आपल्याकडे साकी-दिंडी नाटकाच्या पुस्तकात उरली आहे. तिथे ती कथेकऱ्याच्या तोंडी राहिली.

उलट दिशेने पाहिले तर आपले नाट्यसंगीतच समोर येते. अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. कानडी मुलखातल्या चाली त्यांच्या कानात होत्या आणि ‘संगीत सौभद्र’मध्ये (१८८२) त्या उतरल्या. जुन्या नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून जी ओळ छापलेली असते, ती काही ठिकाणी कानडी असते. आपण पद पाठ केले, ती ओळ मात्र वाचून सोडून दिली.

हिराबाईंचे वडील अब्दुल करीम खाँसाहेब काही काळ बडोदे दरबारी होते. पुढे त्यांचे म्हैसूरकडे आणि दक्षिणेत जाणे-येणे वाढले, आणि त्यांनी त्यागराजांची खरहरप्रियातली कृती ध्वनिमुद्रित केली. त्यांच्या सरगमवर कर्नाटक संगीताची छाप आहे हे जाणकार सांगत आले आहेत. १९३७ साली त्यांना मृत्यू आला तोही तमिळ मुलखातल्या प्रवासातच.

आणि आपले बडोदे? १८८० साली सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाई राणीसाहेबांशी झाला. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी, नट्टुवनार आणि वादकांचा ताफा बडोद्यास आला आणि दरबारच्या कलावंत कारखान्यात रुजू झाला. कर्नाटक संगीत बडोद्यात त्या निमित्ताने राहायला आले. १८८६ साली इथे गायनशाळा सुरू करणारे मौलाबक्षही म्हैसूरकडे राहून दक्षिणेचे गाणे शिकून आलेले होते. तेव्हा ‘आपला या गाण्याशी काय संबंध’ असे म्हणण्याची सोय निदान बडोदेकरांना नाही.

राहिले राग. हंसध्वनी हा मुत्तुस्वामी दीक्षितांचे वडील रामस्वामी दीक्षित यांनी निर्माण केलेला राग; भेंडीबाजार घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांनी तो आपल्याकडे रुळवला. किरवाणी, चारुकेशी, आभोगी, वाचस्पती हे सगळे तिकडून आलेले पाहुणे आहेत. ‘ययाति आणि देवयानी’ या १९६६ च्या नाटकातले जितेंद्र अभिषेकींचे चारुकेशीतले पद ज्यांना पाठ आहे, त्यांच्या घरी कर्नाटक राग गेली अनेक वर्षे मुक्कामाला आहे.

३. पाच तक्रारी

‘सूर फार हलवतात.’ हे खरे आहे, आणि तेच त्या संगीताचे मर्म आहे. त्याला गमक म्हणतात. आपल्या कानाला तो प्रकार अगदीच नवा नाही. दरबारी कानडा आठवा. त्यातला कोमल गंधार पेटीची पट्टी दाबून निघत नाही. तो वरून खाली झोके घेत येतो, आणि ते आंदोलन काढून टाकले तर उरलेल्या स्वरांतून दरबारी उभा राहत नाही. आता अशी कल्पना करा की एका रागात एक नव्हे, तर षड्ज आणि पंचम सोडून बहुतेक सगळे स्वर त्या गंधारासारखे आहेत, आणि प्रत्येकाचे आंदोलन वेगळे आहे. कुणी खालून वर जातो, कुणी शेजारच्या स्वराला शिवून परततो, कुणी जागच्या जागी थरथरतो. आपण स्वर म्हणजे एक बिंदू समजतो. तिथे स्वर म्हणजे एक छोटी वाट असते. ही वाट कानाला एकदा दिसली की ‘हलवणे’ हा शब्द आपल्या तोंडून जातो.

‘सगळी घाईच घाई.’ आपल्या ख्यालात विलंबित एकतालाचे एक आवर्तन अर्धे-पाऊण मिनिट चालू शकते, आणि मग हळूहळू लय वाढत द्रुताकडे जाते. कर्नाटक कृतीत असे नसते. जी लय धरली ती शेवटपर्यंत बहुतेक तीच राहते. वाढते ती त्या लयीत बसवलेल्या स्वरांची दाटी. आपला कान लय वाढण्याची वाट पाहत बसतो, ती वाढत नाही, आणि मधली गर्दी मात्र अंगावर येते. आपल्याला हवा असतो तो निवांतपणा तिथेही आहे, पण त्याची जागा वेगळी आहे. कृतीच्या आधी ताल नसलेली रागआलापना असते. गायक ‘त-द-री-न’ अशा अक्षरांनी राग उलगडतो आणि व्हायोलिन त्याच्या मागून तेच पाऊल टाकते. ज्याला आपल्याकडच्या आलापीची गोडी आहे, त्याने प्रथम तिथे थांबावे. दीक्षितांच्या पुष्कळ कृतीही संथ चालीच्या आहेत.

‘समेचा पत्ता लागत नाही.’ ही तक्रार सर्वांत खोल आहे. आपल्याकडे तबल्याचा ठेका ताल बोलून दाखवतो. ‘धा’ कुठे, खाली कुठे, सम कुठे, हे तबलजी प्रत्येक आवर्तनात सांगत असतो. मृदंग असा ठेका धरून बसत नाही. तो गाण्याच्या वळणांबरोबर चालतो आणि शब्दांच्या वजनाप्रमाणे बोलतो. मग ताल कोण सांभाळतो? तो गायक हाताने सांभाळतो, आणि सभागृहात बसलेले श्रोतेही मांडीवर हात ठेवून सांभाळतात. आदिताल आठ मात्रांचा आहे. त्याची विभागणी चार, दोन, दोन अशी. उजव्या हाताची एक टाळी. मग करंगळी, अनामिका आणि मधले बोट क्रमाने टेकवायचे. मग टाळी आणि उलटा हात. पुन्हा टाळी आणि उलटा हात. हे दहा मिनिटांत येते. एवढे आले की गाण्यातला निम्मा गोंधळ मिटतो, कारण आता ठेका आपल्या हातात आहे. मग आणखी एक गंमत लक्षात येते : पुष्कळ कृती टाळीवर सुरू होत नाहीत, टाळीनंतर थोड्या अंतराने सुरू होतात, आणि गायक कितीही दूर गेला तरी नेमका त्या आडवळणाच्या जागीच परत येतो. समेवर येण्याचा आपला जो आनंद, तोच त्यांचा या जागेवर येण्याचा.

‘शब्द कळत नाहीत.’ कृती तेलुगू, संस्कृत, तमिळ, कन्नड अशा अनेक भाषांत आहेत. दीक्षितांच्या बहुतेक कृती संस्कृतात आहेत. शाळेत रामरक्षा म्हटलेल्या मराठी माणसाला त्यातले बरेच लागते. कन्नडातल्या पुरंदरदासांच्या पदांत शेवटी विठ्ठलाचे नाव येते, कारण तीच त्यांची मुद्रा आहे. भीमसेनांची दासवाणी ज्यांनी ऐकली आहे त्यांनी कन्नड शब्द न कळताही विठ्ठल ओळखला आहे. शिवाय एक गोष्ट स्वतःशी कबूल करावी : आपल्या ख्यालातल्या ब्रज बंदिशींचे शब्द तरी आपल्याला किती कळतात? सवयीने ते न कळण्याचा त्रास होत नाही, इतकेच.

‘सगळे एकसारखेच वाटते.’ पहिल्या चार तक्रारींची बेरीज म्हणजे ही पाचवी. परक्या गावात पहिल्या दिवशी सगळ्या गल्ल्या सारख्या दिसतात. ही तक्रार उत्तर देऊन जात नाही. ती फिरण्याने जाते.

४. सुरुवात कुठून करावी

अनोळखी संगीताकडे जाण्याचा सोपा मार्ग ओळखीच्या दारातून जातो. आपले काही राग तिकडे वेगळ्या नावाने राहतात. आपला भूप तो तिकडचा मोहनम्, मालकंस तो हिंदोळम्, दुर्गा तो शुद्ध सावेरी. यमनाचे सूर कल्याणीत, बिलावलाचे शंकराभरणम्‌मध्ये, काफीचे खरहरप्रियात, भैरवाचे मायामाळवगौळेत सापडतात. हा शेवटचा राग तिकडच्या विद्यार्थ्याचा पहिला धडा असतो. आपण शुद्ध स्वरांपासून सुरुवात करतो, ते भैरवाच्या सुरांपासून.

नावांच्या बाबतीत मात्र जरा जपून. तिकडची तोडी ऐकायला बसाल तर सूर आपल्या भैरवीचे निघतील, आणि तिकडची भैरवी ही आपली भैरवी नव्हे. त्यांचा हिंदोळम् आणि आपला हिंडोल यांत नावापलीकडे नाते नाही. श्रीरागाचेही तसेच आहे.

मी सुचवीन तो क्रम असा. पहिला पंधरवडा एकच राग घ्यावा, शक्यतो मोहनम् किंवा हिंदोळम्. त्यातली एकच कृती तीन वेगवेगळ्या कलावंतांकडून ऐकावी. जुन्यांपैकी एम. एस. सुब्बुलक्ष्मी, डी. के. पट्टम्माळ, सेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांची मुद्रणे सहज मिळतात. कृतीला तीन भाग असतात : पल्लवी, अनुपल्लवी आणि चरणम्. पल्लवी म्हणजे आपले ध्रुवपद, ती फिरून फिरून येते. त्यागराजांच्या कृतीत तीच ओळ दर वेळी थोडी वाढवून, वळवून गातात. या पायऱ्यांना संगती म्हणतात. पहिल्या दिवशी फक्त पल्लवी किती वेळा आणि कशी बदलली, एवढेच मोजावे.

दुसऱ्या पंधरवड्यात हाताने ताल धरावा. तिसऱ्यात कृतीच्या पुढचा भाग ऐकावा. एखादी ओळ घेऊन, तिचे शब्द तालातल्या आपल्या जागी ठेवून, गायक ती नव्या नव्या स्वरांत गातो, त्याला निरवल म्हणतात. आपल्या बोलआलापीशी त्याचे जवळचे नाते आहे. मग स्वरांची नावे घेऊन उत्स्फूर्त सरगम येते, ते कल्पनास्वर. शेवटी मृदंग आणि घटमचे तनि आवर्तनम्, ज्या वेळी काही श्रोते कॉफीला उठतात. आपण उठू नये. तोपर्यंत हातावर आदिताल बसलेला असेल, तर खरी मजा त्यातच आहे.

गायनापेक्षा वाद्य बरे वाटत असेल तर लालगुडी जयरामन यांचे व्हायोलिन किंवा एन. रमणी यांची बासरी ऐकावी. टी. एन. राजरत्नम पिळ्ळै यांच्या नादस्वरमवरची तोडी एकदा तरी ऐकावी. गमक म्हणजे काय, हे त्या वाद्याइतके स्पष्ट दुसरे क्वचितच सांगते.

आणि संपूर्ण मैफल ऐकाल तेव्हा शेवटापर्यंत थांबा. अरियक्कुडी रामानुज अय्यंगार यांनी विसाव्या शतकात रूढ केलेल्या क्रमात आरंभी वर्णम्, मध्ये मुख्य कृती आणि शेवटी हलक्या रचना येतात. तिल्लाना तिथेच येतो. तो आपल्या तराण्याचा भाऊ. आणि आजकाल पुष्कळ गायिका-गायक त्याच जागी मराठी अभंग गातात. चेन्नईच्या सभेत अरुणा साईराम यांनी विठ्ठलाचा अभंग सुरू केला की तमिळ श्रोते टाळ्यांचा ताल धरतात. त्यांना आपले शब्द कळतात असे नाही. त्यांनी अभंगासाठी जागा केली आहे, एवढे मात्र खरे.

५. जिथे तुलना थांबते

ओळखीच्या दारातून आत जावे, पण दारातच उभे राहू नये. मोहनम् ऐकताना ‘हा भूपच की’ असे वाटणे ही सुरुवात झाली. चार-सहा वेळा ऐकल्यावर लक्षात येते की सूर तेच असले तरी चालणे वेगळे आहे. भूप गंधारावर विसावतो, धैवताशी रेंगाळतो. मोहनम् त्याच स्वरांना गमकांनी जोडत वेगळ्या चपळाईने पुढे जातो. त्या क्षणी तुलनेचे काम संपते. पुढेही भूपच शोधत राहिलो तर मोहनम् ऐकू येणार नाही.

त्यानंतर ज्या रागांना आपल्याकडे तसा जोडीदारच नाही त्यांच्याकडे जावे : आनंदभैरवी, रीतिगौळ, यदुकुलकांभोजी, किंवा अंगाईसाठी प्रसिद्ध असलेला नीलांबरी. इथे धरायला आपले काहीच नसते. पहिल्यांदा पुन्हा तेच होते, नुसते आवाज. पण या वेळी आपल्याला माहीत असते की हा टप्पा जातो. पाचव्या-सहाव्या वेळी एखादी जागा ओळखीची वाटते. मग ती कधी येणार याची आपण वाट पाहू लागतो. ती येते, आणि मान हलते. वयाच्या साठी-सत्तरीत मनाने पुन्हा नवा अंदाज बांधायला घेतलेला असतो. जुन्या गाण्याने हे सुख आपल्याला विसाव्या वर्षी दिले होते. आता ते गाणे ते सुख देत नाही, त्याची आठवण देते. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, पण त्या एक नव्हेत.

आणि याचा जुन्या गाण्यावरही परिणाम होतो. गमक ऐकून परतलेला कान अब्दुल करीम खाँसाहेबांची सरगम वेगळी ऐकतो. हाताने आदिताल धरलेला माणूस ‘सौभद्रा’तल्या कानडी चालीची उडी चटकन ओळखतो. पन्नास वर्षे पाठ असलेल्या पदात न ऐकलेले काही सापडते. अनोळखी संगीत आपल्या कपाटातले काही काढून नेत नाही. तेच कपाट पुन्हा उघडून देते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांना याचे विशेष महत्त्व आहे असे मला वाटते. आपल्या आवडत्या गाण्यांची आपल्याला काळजी असते, कारण पुढची पिढी ती ऐकत नाही. ही काळजी रास्त आहे. पण मुले आपल्याकडून गाणी जेवढी घेतात, त्याहून अधिक ऐकण्याची रीत घेतात. आजी-आजोबा एकच गाणे लावून ‘आता असे कुठे राहिले’ म्हणताना त्यांना रोज दिसत असतील, तर संगीत म्हणजे संपलेली गोष्ट, असे ती शिकतात. सत्तरीची माणसे नवे काही कान देऊन ऐकताना दिसली, तर त्यांच्या कपाटातल्या जुन्या गाण्यांकडेही मुलांचा हात जाण्याचा संभव वाढतो. तंजावरच्या मराठी माणसांनी आपली भाषा घरात ठेवली, कीर्तन शेजाऱ्याला दिले आणि शेजाऱ्याचे संगीत आपले मानले. राज्य १८५५ साली गेले. त्या देवघेवीतून जे झाले ते आजही गायले जाते.

यासाठी फार लांब जावे लागत नाही. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांतल्या मुली भरतनाट्यम शिकतात. त्यांच्या अरंगेत्रमला आपण जातो, वेशभूषेचे आणि अभिनयाचे कौतुक करतो, आणि मागे चाललेल्या गाण्याकडे पार्श्वसंगीत म्हणून पाहतो. त्या मुली नाचतात तो क्रम सरफोजींच्या दरबारात बसवलेला आहे, आणि तो ज्या संगीतावर नाचतात ते हेच कर्नाटक संगीत आहे. आदिताल त्या मुलींच्या हातावर लहानपणीच बसलेला असतो. आपल्या घरात, कुटुंबात किंवा शेजारी अशी एखादी मुलगी असेल, तर या आठवड्यात तिला जवळ बसवावे आणि तो ताल हातावर कसा मोजायचा, ते तिच्याकडून शिकून घ्यावे. नंतर मोहनम्‌मधली एक कृती लावावी, आणि हात मांडीवर ठेवून ती शेवटपर्यंत ऐकावी.